टेकडीच्या शाळेतलं हवामान

३ मार्च

मामा,

नमस्कार नंतर, आधी भांडण. आई सांगत होती, कानाचं यंत्र तुम्ही डबीत घालून कपाटात ठेवलंय आणि विचारलं तर म्हणता, "चाळीस वर्षं लोकांचं बोलणं पोचवलं, आता माझे कान निवृत्त झाले." बरं आहे तुमचं! फोनवर मी ओरडते, "कसे आहात?" आणि तुम्ही सांगता, "साडेदहा." मोबाइलवर लिहून पाठवावं तर अक्षरं मुंग्यांसारखी पळतात म्हणे. शेवटी आज दुपारी पोस्टात जाऊन पाकिटं घेऊन आले. दिवसभर कॉम्प्युटरच्या मागे धावणारी बाई जिभेनं तिकिटं चिकटवतेय, चित्र डोळ्यांपुढे आणा आणि हसून घ्या.

तुम्ही मागे विचारलं होतंत, "भिंगरे, तू नक्की करतेस काय?" अर्ध्या नातेवाइकांना वाटतं मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. नाही हो, मी कुणालाच काही शिकवत नाही. आमच्या शाळा मंडळाच्या सतरा शाळा. त्या सगळ्यांतले कॉम्प्युटर, त्यांना जोडणाऱ्या तारा, मुलांची आणि शिक्षकांची खाती, त्यांनी लिहिलेलं सांभाळून ठेवणारी यंत्रं, हे सगळं चालू ठेवायचं, एवढंच माझं काम. पदाचं नाव सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. म्हणायला लागतो तेवढा वेळ चहा प्यायलाही मिळत नाही. सगळं सुरळीत असलं की माझी कुणालाही आठवण येत नाही. काही बंद पडलं की सतरा मुख्याध्यापक एकदम आठवण काढतात आणि उचक्या लागून जीव जातो.

कालचंच सांगते. एका शाळेतून फोन, "प्रिंटर मेला." पाऊण तास गाडी हाकत गेले. प्रिंटर ठणठणीत होता. त्याची पिन काढून कुणीतरी चहाची किटली लावली होती. तिथल्या क्लार्कनं पासवर्ड चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवला होता, म्हणून मागच्या खेपेला मी त्याला रागावले होते. काल बघते तर चिठ्ठी गायब. मी शाबासकी देणार, एवढ्यात त्याच जागी दुसरी चिठ्ठी दिसली: "पासवर्ड कीबोर्डखाली आहे."

सर्वांत लाडकी शाळा म्हणजे टेकडीवरची. शेवटची शाळा, शेवटची तार. तिथे पाचवीच्या वर्गाला एक बाई आहेत, गेली अकरा वर्षं त्या मुलांकडून हवामानाची नोंद ठेवून घेतात. रोज सकाळी दोन मुलं अंगणात जातात, पाऊस, तापमान, वारा मोजतात आणि येऊन कॉम्प्युटरवर भरतात. शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. त्यात एका मुलानं लिहिलेलं मी वाचलंय, "आज वाऱ्यानं बाईंची छत्री उलटी केली, बाई रागावल्या नाहीत."

सध्या सफाई काढली आहे. शाळा सोडून गेलेल्या मुलांची खाती तशीच पडून आहेत, ती पुसायची. जूनमध्ये आमचे साहेब निवृत्त होतील, त्याआधी घर आवरल्यासारखं सगळं आवरून ठेवायचंय.

मी मजेत आहे. लिहा. मामींना नमस्कार.

तुमची भिंगरी

११ मार्च

भिंगरे,

आशीर्वाद पोत्यानं. पत्र मिळालं, तुझ्या मामीनं ते आधी वाचलं, मग मला दिलं, आणि मी वाचत असताना पुढे काय येणार ते सांगत बसली.

तुझं काम मला बरोबर कळलं. आमचंही तेच होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोखंडी चौकट असायची, भिंतीएवढी, तिच्यावर हजारो तारांच्या जोड्या. अख्ख्या गावाचं बोलणं त्या चौकटीतून जायचं, पण गावातल्या एकाला तिची माहिती असेल तर शपथ. फोन लागला तर देवाची कृपा, नाही लागला तर आमच्या सात पिढ्यांचा उद्धार.

हॉस्पिटलच्या लाइनीची गोष्ट तुला तोंडपाठ असेल, तुझी आई दर वेळी सांगते. तरी लिहितो, म्हाताऱ्याला तेवढी मुभा हवी. भर दुपारी हॉस्पिटलचा तातडीचा फोन मेला. साहेब लोक नकाशे उलगडून बसले. मी म्हटलं, व्हा बाजूला. चाळीस मिनिटांत तार शोधली, जोडली, लाइन बोलायला लागली. कौतुकपत्र मिळालं, ते अजून दिवाणखान्यात टांगलंय. काच मामी पुसते.

तुझी आई म्हणत होती, साहेब गेले की त्यांची खुर्ची तुलाच. मग सतरा शाळांची पायपीट संपेल. बस पंख्याखाली.

पण तू मोठी झालीस तरी त्या टेकडीवरच्या बाईंचं काम दुसऱ्या कुणावर टाकू नकोस. शेवटच्या तारेवरचा माणूस फार वाट बघतो, हे चाळीस वर्षांचं ज्ञान फुकट देतोय.

मामा

२६ मार्च

मामा,

उत्तराला उशीर झाला. काम फार आहे. बाकी सगळं ठीक. घरी सगळे बरे आहेत.

एक विचारू? तुमच्या हातून कधी काही तुटलं होतं का? म्हणजे असं, की जे परत जोडता येत नाही?

सहज विचारलं. मामींना नमस्कार.

भिंगरी

१ एप्रिल

भिंगरे,

चार ओळींचं पत्र बघून मामीनं चष्मा काढला आणि म्हणाली, "पोरीचं काहीतरी बिनसलंय." मी म्हटलं, बिनसणार काय, नवऱ्याशी वाजलं असेल. "तुटलं, जोडता येत नाही" म्हणजे दुसरं काय?

तेव्हा ऐक. जावईबापू सरळ माणूस आहे, थोडा घुम्या असेल. घुम्या माणसाला बोलतं करायची एकच युक्ती: त्याच्यासमोर एखादं काम चुकीचं करायचं. मी स्क्रू उलटा फिरवला की मामी गेल्या जन्मापासूनचं सगळं बोलते. तू त्यांच्यासमोर भाजी उलटी चीर. तोंड उघडेल. आणि अबोला दोन दिवसांच्या वर जाऊ देऊ नये, तिसऱ्या दिवशी तो भाडेकरू होतो, मग निघत नाही.

मामी म्हणते, "मी येऊन राहू का, विचार तिला." मी म्हटलं, आधी आग लागली आहे का ते तर कळू दे.

माझ्या हातून काय तुटलं विचारतेस. कपबशा तुटल्या. एकदा शिडी. बाकी काही आठवत नाही.

मामा

७ एप्रिल

मामा,

तुमचं पत्र नवऱ्याला वाचून दाखवलं. तो इतका हसला, की दोन महिन्यांचं बोलणं एका दमात निघालं. आमचं काही वाजलेलं नाही. मामींना सांगा, बॅग भरली असेल तर रिकामी करा.

पण बिनसलंय हे खरं. आईला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही तारांत आयुष्य काढलंय.

मी सफाई करत होते ना? शाळा सोडून पाच वर्षं झालेल्यांची खाती पुसायची, असा नियम. टेकडीच्या शाळेच्या यादीत एक खातं दिसलं, दहा वर्षांपूर्वी शाळा सोडलेल्या मुलीचं. बाकीच्या खात्यांत चिमूटभर सामान आणि हिच्यात गाडाभर. मी थांबले, मामा. मनात आलं, उघडून बघावं. मग म्हटलं, गाणी-बिणी भरून ठेवली असतील. खाली अजून आठशे खाती होती. मी पुढे गेले.

ती त्या बाईंची पहिली विद्यार्थिनी होती. अकरा वर्षांपूर्वी हवामानाचा पहिला तक्ता तिच्या खात्यात उघडला होता. ती गेली, पण तक्ता तिथेच राहिला, आणि पुढची सगळी मुलं त्यातच लिहीत राहिली. अकरा वर्षं, रोज. सगळं एका बोटानं गेलं.

पहिल्यांदा मी घाबरलेही नाही. रोज सगळ्याची दुसरी प्रत निघते, आणि रोज सकाळी माझ्या स्क्रीनवर प्रत्येक शाळेपुढे हिरवी खूण येते. टेकडीपुढेही येत होती. प्रत उघडली तर आत काहीच नाही. मागच्या सुट्टीत तिथलं यंत्र एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवलं, तेव्हापासून ते एका रिकाम्या कप्प्याची प्रत काढत होतं. रिकाम्याची प्रत रिकामी, तीच जुन्या प्रतीवर चढलेली, खूण मात्र हिरवी. नऊ महिने. प्रत नुसती निघून चालत नाही, ती अधूनमधून परत आणून बघायची असते, हे मीच नव्या लोकांना सांगते. टेकडीची मी बघितली नव्हती. साहेबांनी आणि मी चार दिवस ती डिस्क खरवडली. त्या जागेवर दुसरं लिहिलं गेलं होतं.

आणि सगळ्यांत टोचतं ते वेगळंच. बाई पूर्वी मुलांकडून आधी वहीत लिहून घ्यायच्या, मग कॉम्प्युटरवर. तीन वर्षांपूर्वी मीच त्यांना म्हटलं होतं, "बाई, दोनदा कशाला लिहायचं? मी आहे ना."

बाईंना अजून माहीत नाही. त्यांना वाटतं यंत्र बंद आहे. फोन करून विचारतात, "कधी येईल गं?" मी म्हणते, बघते. साहेब म्हणतात, "वीज गेली, डिस्क गेली, असं लिहून टाक. डिस्का जातातच. कोण विचारणार आहे? जूनमध्ये मी तुझं नाव पुढे करतोय, त्यात हे कशाला?" ते वाईट माणूस नाहीत. माझ्या भल्याचंच बोलतात.

अहवाल अजून लिहिलेला नाही. कोरा कागद टेबलावर पडलाय. तुम्ही असता तर काय केलं असतंत?

भिंगरी

११ एप्रिल

भिंगरे,

तुझं पत्र आलं तेव्हा मामी बाजारात गेली होती. बरं झालं. हे पत्र मी स्वतः पोस्टात टाकायला जाणार आहे.

मी असतो तर काय केलं असतं, विचारतेस. मी होतो. आणि काय केलं ते सांगतो.

हॉस्पिटलची लाइन चाळीस मिनिटांत मला कशी सापडली, असं आजवर एकानंही विचारलं नाही. भिंतीएवढ्या चौकटीत हजारो जोड्या. नकाशे घेऊन बसलेल्या हुशार माणसांना सापडेना आणि मी बरोबर तिथेच हात कसा घातला? मीच ती कापली होती म्हणून. एक बंद झालेलं कनेक्शन काढायचं होतं. ओळ एकविसावी, मी कापली बाविसावी. बोलत बोलत काम करत होतो, कुणाची तरी नक्कल चालली होती, सगळे हसत होते. अर्ध्या तासानं बोंब उठली. मला लगेच कळलं होतं. तरी मी शोधायचं नाटक केलं. खरं तर दोन मिनिटांचं काम होतं. उरलेली अडतीस मिनिटं हॉस्पिटल मुकं राहिलं ते माझ्या नाटकामुळे. कुणाला काही झालं नाही. हे माझं नशीब. त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

चौकशी झाली. त्या दिवशी चौकटीच्या ड्युटीच्या वहीत सही होती लंबूची. लंबू म्हणजे माझ्याबरोबर लागलेला, ताडमाड उंच, त्याला शिडी लागायची नाही. त्यानं सांगितलं, मी हात लावला नाही. कुणी विश्वास ठेवला नाही. त्याची बदली झाली, दूर, डोंगराच्या पायथ्याच्या एक्स्चेंजला. निरोपाला मी त्याची पेटी उचलून गाडीपर्यंत गेलो. तो म्हणाला, "तू तरी मला ओळखतोस." मी मान हलवली. त्याला बत्तीस वर्षं झाली.

त्या कौतुकपत्राची काच मामी दर आठवड्याला पुसते. तिलाही माहीत नाही.

कपबशा तुटल्या म्हणून लिहिलं ना, ते खोटं होतं. चोराच्या मनात चांदणं. तू सहज विचारलंस आणि मला वाटलं, हिला कळलं.

मी तुला सल्ला देत नाही. तो द्यायचा अधिकार मी तेव्हाच घालवला. फक्त एवढं सांगतो, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते मूठ झाकून बसलेल्या माणसाला विचारून म्हटलेलं नाही. हात दुखतो गं.

मामा

२८ एप्रिल

मामा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यावर आत्ता काही लिहीत नाही. तुम्ही मला लहान वाटला नाहीत, एवढं मात्र लिहिते.

अहवाल लिहिला. पहिलं वाक्य, "हे खातं मी न उघडता पुसलं." दुसरं, "या शाळेची प्रत नऊ महिने रिकामी होती आणि मी तपासली नव्हती." साहेबांनी वाचला, चष्मा कपाळावर सरकवला. "खुर्ची हवी होती ना तुला?" मी म्हटलं, "हवी होती." त्यांनी पेन उचललं. मग खाली सही करून म्हणाले, "माझ्या वेळी झालं, तेव्हा माझंही नाव लिही. यंत्र हलवताना मीही होतोच तिथे." तुम्हाला म्हटलं होतं ना, वाईट माणूस नाहीत.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर गेले. मधली सुट्टी संपत आली होती. बाई फळा पुसत होत्या.

"आलीस? आलं का परत?"

"येणार नाही, बाई."

"म्हणजे यंत्र बदलावं लागेल?"

"यंत्राला काही झालेलं नाही. नोंदी गेल्या. मी पुसल्या. चुकून, पण मीच."

त्या फळा पुसतच राहिल्या. फळा कोरा झाला होता, तरी. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "किती?"

"सगळ्या."

तेवढ्यात घंटा झाली आणि अडतीस मुलं आत घुसली. बाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "मुलांना तूच सांग," म्हणाल्या. "माझ्याच्यानं होणार नाही."

मामा, मी मंडळाच्या सभेत बोललेय, मोठ्या लोकांसमोर बोललेय. इथे मात्र खडूच्या डबीकडे बघत सुरुवात केली. सांगितलं. मग पुढच्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीनं हात वर केला.

"तुम्ही मुद्दाम केलंत?"

"नाही."

"मग तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं होतं. उघडून बघितलं नाही."

तिनं विचार केला. "आम्ही असं केलं की बाई परत लिहायला लावतात."

सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. मी म्हटलं, "मी लिहीन. पण कशावरून लिहू? मागचा पाऊस परत कसा मोजणार?"

शाळा सुटल्यावर बाई मला शिक्षकांच्या खोलीत घेऊन गेल्या. चहा मागवला आणि प्यायल्या नाहीत. म्हणाल्या, "मी तुझ्यावर रागावलेय. हा राग लवकर जाणार नाही, तू वाट बघू नकोस. आता काम. पहिली आठ वर्षं वह्या होत्या. वर्षाच्या शेवटी ज्या मुलाचं अक्षर सगळ्यांत सुंदर, त्याला ती वही बक्षीस म्हणून घरी न्यायला द्यायचे मी. आठ वह्या, आठ घरं. शोध."

तर मी सध्या आठ सुंदर अक्षरं शोधत फिरतेय. रोजचं काम आहेच, त्यात ही भर. दोन सापडल्या. एक मुलगा आता बेकरीत कामाला आहे. वही त्याच्या आईनं कपड्यांच्या घडीखाली जपून ठेवली होती. ती मला देताना म्हणाली, "परत आणाल ना? त्याचं तेवढं एकच बक्षीस आहे."

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं आणि रडले. पण बरं वाटलं. पाच आठवड्यांत पहिल्यांदा शांत झोपले.

भिंगरी

९ मे

भिंगरे,

मामीला सांगितलं. सगळं. तिनं उठून कौतुकपत्र भिंतीवरून काढून पलंगाखाली ठेवलं आणि म्हणाली, "खिळ्याला आता कॅलेंडर लावते." मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, "लंबूभावजींचा पत्ता आहे का?"

नाही. शोधतोय. जुन्या युनियनच्या ऑफिसात चकरा चालू आहेत.

तुझ्या वह्या किती झाल्या?

मामा

२ जून

मामा,

आठच्या आठ! सातवी एका वकिलाच्या कपाटात होती, कायद्याच्या पुस्तकांच्या रांगेत, त्यांच्याइतकीच ऐटीत. आठवी ज्या मुलीकडे होती ती आता परगावी नर्स आहे. तिनं पानापानाचे फोटो काढून पाठवले, आणि एका पानावर डाग दिसतोय तो तिच्या भावानं सांडलेल्या दुधाचा आहे, हवामानाचा नाही, असा खुलासाही केला. बेकरीतल्या मुलाची वही मी स्वतः नेऊन परत दिली.

उरली शेवटची तीन वर्षं, माझ्या "मी आहे ना"ची. त्या वर्षांची वही नाही. पण शिपाईमामांनी सांगितलं, दर महिन्याचा तक्ता छापून व्हरांड्यातल्या फळ्यावर लागायचा. जुने कागद फेकवत नाहीत म्हणून त्यांनी ते कपाटाच्या तळाशी अंथरले होते. सगळे खण रिकामे केले. छत्तीसपैकी बावीस महिने निघाले. चौदा कायमचे गेले.

परीक्षा संपल्यावर मुलांनी आणि मी टायपिंग केलं. एकानं वाचायचं, एकानं भरायचं, तिसऱ्यानं तपासायचं. दोन वेण्यांची मुलगी माझी तपासनीस होती. एक आकडा चुकला तर ती काही बोलत नाही, नुसती पेन्सिल आपटते. मंडळात कुणाचा वचक नसेल एवढा तिचा आहे.

शेवटी ते चौदा महिने आले. मी म्हटलं, त्या ओळी काढून टाकू, तक्ता सलग दिसेल. बाई म्हणाल्या, "दिवस तर झाले होते. ओळी राहू देत." मग मुलीनं विचारलं, "पण शेऱ्यात काय लिहायचं? रिकामं ठेवलं तर पुढच्या पाचवीला वाटेल आम्ही आळशी होतो." सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. बाईंनी खुर्ची पुढे ओढली. मी बसले आणि लिहिलं, "या दिवशी मुलांनी नोंद केली होती. ती माझ्या चुकीनं पुसली गेली." खाली माझं पद. एवढं लांब पद पहिल्यांदाच उपयोगी पडलं. ते चौदा महिन्यांच्या प्रत्येक ओळीत, एकेक करून. कॉपी-पेस्ट करू दिलं नाही मला.

उठले तेव्हा बाई म्हणाल्या, "अक्षर बरं आहे." कॉम्प्युटरवर कसलं आलंय अक्षर! पण त्यांनी माझ्याकडे हसून बघितलं, त्या दिवसानंतर पहिल्यांदा. राग गेला का ते मी विचारलं नाही.

खुर्चीचं सांगायचं राहिलं. ती मिळाली नाही. बाहेरून एक बाई येतायत. माझ्या फायलीत ताकीद लागली. आई हळहळली, तुम्ही हळहळू नका. खरं सांगू, बढतीची यादी लागल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं? हुश्श. पंख्याखाली बसून मी सुकले असते. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एका शाळेत जाऊन तिथली प्रत परत आणून बघायची, असा नियम मी घालून घेतलाय. मुलांना आवडतो. आपलंच जुनं गणित परत आलेलं बघून ओरडतात, "हे मी लिहिलं होतं?"

काल टेकडीवरचा वारा ताशी अकरा किलोमीटर होता. मला कळवलं गेलं.

लंबूकाका सापडले का?

भिंगरी

१९ जून

भिंगरे,

हे पत्र लंबूच्या घरून लिहितोय.

सापडला. युनियनच्या म्हाताऱ्या क्लार्कनं पत्ता काढून दिला. बदली झाली तिथेच तो स्थायिक झाला. मामी म्हणाली, "मी येते, तुम्ही दारातून परत फिराल." बसनं सहा तास. दार त्यानंच उघडलं. वाकलाय, तरी डोकं चौकटीला लागतं. मला बघून इतका आनंदला, की माझी पंचाईत झाली. "अरे तू! ये, ये!" पाणी आलं, चहा आला, बायकोला हाका मारल्या. म्हटलं, चहा प्यायलो की सांगतो. मामीनं कप माझ्या हातातून काढून घेतला.

उभं राहून सांगितलं. ओळ एकविसावी, कापली बाविसावी. सगळं.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "बत्तीस वर्षं लावलीस?" आवाज मोठा नव्हता, पण मला स्वच्छ ऐकू आला. मी म्हटलं, हो. म्हणाला, "निरोपाला माझी पेटी उचललीस तेव्हा मला वाटलं होतं, एक तरी माणूस आपला आहे." तो उठून परसात गेला. मी उभाच. वाटलं, आता निघावं.

त्याची बायको इतका वेळ दारात होती. बारकीशी बाई, हातात झाडू. ती एकदम परसाकडे बघून ओरडली, "अहो, म्हणजे तुम्ही धांदरट नव्हताच?"

प्रकार असा, भिंगरे. लग्न बदलीनंतर लगेचचं. तिच्या भावानं चौकशी केली तेव्हा कुणीतरी सांगितलं, माणूस चांगला, पण धांदरट, हॉस्पिटलची तार कापली. तेव्हापासून तिनं त्याला घरातल्या एका स्क्रूला हात लावू दिला नाही. बल्ब गेला तर शेजाऱ्याला बोलवायची. टेलिफोन खात्यातला माणूस, आणि बत्तीस वर्षं घरात पाहुण्यासारखा बसलेला! तो परसातून आत आला, तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मला म्हणाला, "हे हिला परत एकदा सांग. सावकाश. मला बघायचंय तिचं तोंड."

मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा त्यानं लिहून घेतलं, खाली माझी सही, मामीची साक्ष. कागद घडी घालून खिशात ठेवला आणि मग म्हणाला, "आता बस. चहा गार झाला असेल, दुसरा करते ती."

माफ केलं असं तो म्हणाला नाही. मीही मागितली नाही, सांगायलाच गेलो होतो. पण आज सकाळी आम्ही निघायची तयारी करत होतो, तर वहिनी कागद घेऊन आल्या. स्वयंपाकघरातला पंखा, न्हाणीघराची कडी, पडवीतला दिवा, गळका नळ, मुलीच्या खोलीतलं बटण. बत्तीस वर्षांची दुरुस्तीची यादी. लंबूनं ती वाचली, बाह्या सारल्या आणि मला विचारलं, "तुझी बस कितीची?"

मी म्हटलं, "बस रोज असते."

तेव्हा आम्ही इथेच आहोत, अजून चार-पाच दिवस तरी. मामी आणि वहिनींचं चांगलं जमलंय, आम्हा दोघांच्या खोड्या मोजणं चालू आहे. पंखा झाला, कडी झाली. आता पडवीतल्या दिव्याचं काम आहे. तो वर चढलाय, मी खाली स्टूल धरून उभा आहे. एक हात सोडून हे लिहितोय म्हणून तो वरून ओरडतोय, तेव्हा पुरे करतो.

मामा